बेरीज जुळली, खाती बदलली: पगाराच्या फाइलमधल्या फसवणुकीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतलं, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर जॉबवर्क करणारं एक युनिट. माणसं ४६, महिन्याचा निव्वळ पगार दहा लाखांच्या आतबाहेर. पगारपत्रक बाहेरचा लेबर कन्सल्टंट करतो. त्याचं चिंचवडला दोन खोल्यांचं ऑफिस आहे, हाताखाली चार माणसं आणि ३१ कंपन्यांचं पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), प्रोफेशनल टॅक्स आणि पगाराचं काम. फी महिना ६,५००. लेखी करार नाही. बारा वर्षांची ओळख हाच करार. (ओळख पटू नये म्हणून आकडे बदलले आहेत आणि तशाच आणखी एका प्रकरणातले एकदोन धागे यात गुंफले आहेत.)

कामाची रीत अशी. २ तारखेला कंपनी हजेरी, ओव्हरटाइम आणि उचलीचा तक्ता पाठवते. ५ किंवा ६ तारखेला कन्सल्टंटकडून मेलवर दोन फाइली येतात: एक पगारपत्रक आणि दुसरी बँकेच्या नेटबँकिंगवर चढवायची शीट. या शीटमध्ये पाच रकाने असतात: एम्प्लॉयी कोड, नाव, खातेक्रमांक, आयएफएससी, रक्कम. कंपनीच्या अकाउंटंट मॅडम ती फाइल अपलोड करतात, म्हणजे त्या ‘मेकर’. मालक मोबाइलवर ओटीपी टाकून मंजुरी देतात, म्हणजे ते ‘चेकर’. दोघांची सही असल्यासारखी ही व्यवस्था, आणि बँकेनेच ती लावून दिलेली.

मंजुरीपूर्वी मालक दोन गोष्टी बघत: माणसं किती आणि एकूण रक्कम किती. हे दोन्ही आकडे त्यांच्या डायरीत पगारपत्रकावरून आधीच उतरवलेले असत. ही तपासणी निष्काळजीपणाची नव्हती. काही वर्षांपूर्वी आधीच्या टाइमकीपरने काम सोडून गेलेल्या दोघांची नावं मस्टरवर तशीच ठेवून पगार उचलला होता, तेव्हापासून ती सुरू झाली होती. नाव वाढवणारा किंवा ओव्हरटाइम फुगवणारा तीत लगेच सापडला असता. फक्त खातेक्रमांकाकडे कुणी बघत नव्हतं.

आणखी एक बारीक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा अचूक ठेवतं. १६ अंकी खातेक्रमांक साध्या रकान्यात टाकला की शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीला शून्य असलेल्या क्रमांकाचं ते शून्य गळून पडतं. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घेतला तर हे होत नाही. कन्सल्टंटकडे नवा मुलगा आला की हे हमखास व्हायचं, आणि मग अर्ध्या तासात दुसरा मेल यायचा: ‘सुधारित फाइल, कृपया ही वापरावी.’ वर्षात चारपाच वेळा. त्यामुळे सुधारित फाइल आली तर कुणाच्या भुवया उंचावत नसत.

काय घडलं

६ ऑगस्ट २०२५, बुधवार. गुरुवारी भोसरीची साप्ताहिक सुट्टी आणि शनिवारी राखी पौर्णिमा, त्यामुळे पगार आजच व्हायला हवा असा सगळ्यांचाच तगादा.

१०.४० ला कन्सल्टंटचा मेल आला, दोन्ही फाइली जोडलेल्या. ११.२५ ला त्याच पत्त्यावरून, त्याच मेलच्या उत्तरातच दुसरा मेल: ‘मॅडम, दोन खात्यांचे शून्य सुटले होते. सुधारित शीट जोडली आहे, हीच वापरा.’ मॅडमनी दुसरी फाइल घेतली. माणसं ४६, रक्कम ९,८४,३५०. दोन्ही आकडे तंतोतंत तेच. १२.१० ला अपलोड, १२.५० ला मालकांची मंजुरी. मालक तेव्हा चाकणला एका गिऱ्हाइकाच्या गेटवर पास बनवून घेत उभे होते.

दुसऱ्या फाइलमध्ये सात ओळींतले खातेक्रमांक आणि आयएफएससी बदललेले होते. नावं तीच, रकमा त्याच. सातही जण सर्वांत जास्त पगाराचे होते: दोन सुपरवायझर, चार सेटर (मशिनची जुळणी करणारे), एक क्वालिटीवाला. पगारपत्रक त्याच मेलबॉक्समध्ये पडलेलं असल्यामुळे निवड करणं सोपं होतं. सात पगारांचे मिळून २,४३,००० रुपये चार खात्यांत गेले. सात माणसं, पण खाती चारच. त्यातली तीन दोनदोनदा आलेली. रकान्यावर एक्सेलचं ‘डुप्लिकेट व्हॅल्यूज’ (पुन्हा आलेले आकडे रंगवणारी सोय) लावलं असतं तर सहा चौकटी लाल झाल्या असत्या.

बँकेने नाव का ताडून पाहिलं नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एनईएफटीमध्ये, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेत, पैसे जमा होतात ते खातेक्रमांकावर. सोबत लिहिलेलं नाव जुळलं नाही म्हणून व्यवहार अडत नाही. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने एनईएफटी आणि आरटीजीएससाठी लाभार्थ्याचं नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितली होती. या बँकेत ती होतीही. पण ती एकेक लाभार्थी जोडताना दिसत होती, ४६ ओळींची फाइल चढवताना नाही.

मेलबॉक्स कसा फुटला

कन्सल्टंटचा सगळ्या ग्राहकांसाठी एकच मेल आयडी होता आणि त्याचा पासवर्ड चौघांनाही ठाऊक. दोन टप्प्यांची पडताळणी बंद होती, कारण ओटीपी साहेबांच्या, म्हणजे कन्सल्टंटच्या, मोबाइलवर जायचा आणि साहेब बाहेर असले की काम अडायचं. जुलैत ईएसआयसीच्या नोटिशीसारखा दिसणारा एक मेल आला. लिंक उघडल्यावर मेलचं लॉगिन पुन्हा मागणारं पान दिसलं आणि एका मुलाने तिथे पासवर्ड टाकला. पान कोरं राहिलं. त्याला वाटलं, साइट डाउन आहे. ईएसआयसीची साइट डाउन असणं ही या धंद्यात बातमी नसते.

भामटा पुढचे तीनेक आठवडे काहीच न करता वाचत बसला. त्याने मेलबॉक्समध्ये दोन नियम लावले होते. एकाने येणारा प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर जात होता. दुसऱ्याने ‘सुधारित’, ‘खाते’, ‘अकाउंट’ हे शब्द असलेलं ग्राहकांचं उत्तर इनबॉक्समध्ये न थांबता थेट आर्काइव्हमध्ये पडत होतं. म्हणजे मॅडमनी ‘सुधारित फाइल मिळाली’ असं उत्तर दिलं असतं, तरी ते कन्सल्टंटच्या डोळ्यांसमोर आलंच नसतं.

‘पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघा’ हा सल्ला इथे कुचकामी होता. पत्ता खरा होता, मेलचा धागा खरा होता, भाषासुद्धा ऑफिसचीच होती. फाइलला पासवर्ड होता, पण तो कंपनीच्या नावापुढे १२३ असा, आणि दीड वर्षापूर्वी त्याच मेलवरून कळवलेला.

पहिला निर्णय: ‘येईल रात्रीपर्यंत’

सव्वाचारला एक सेटर ऑफिसात आला. ‘मॅडम, सगळ्यांना मेसेज आला, मला नाही आला.’ मॅडमनी सांगितलं, एनईएफटी आहे, येईल रात्रीपर्यंत. पूर्वी असं खरंच व्हायचं. पण १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच, आणि बॅचनंतर दोन तासांच्या आत समोरच्या बँकेने पैसे जमा करायचे किंवा परत पाठवायचे असतात. १२.५० ची मंजुरी म्हणजे एकची बॅच धरली, तरी तीन वाजेपर्यंत निकाल लागायला हवा होता. सव्वाचारला पैसे नाहीत याचा अर्थ काहीतरी चुकलंय. त्या वेळी एका सेटरच्या पासबुकची झेरॉक्स काढून फाइलमधला क्रमांक ताडला असता, तर तीन तास वाचले असते.

शिफ्ट सुटताना आणखी तिघे आले. मॅडमनी स्टेटस रिपोर्ट काढला: ४६ पैकी ४६ ‘यशस्वी’, प्रत्येकापुढे यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. या शब्दाने आणखी गोंधळ झाला. पैसे गेले असं बँक म्हणते, आले नाहीत असं माणूस म्हणतो. अखेर ७.४० ला झेरॉक्सांची फाइल निघाली आणि पहिलाच क्रमांक जुळला नाही.

दुसरा निर्णय: आधी कुणाला फोन

७.४० ला मालकांसमोर चार वाटा होत्या: कन्सल्टंट, बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर, पोलीस ठाणं आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. त्यांनी आधी कन्सल्टंटला फोन लावला.

‘अहो, तुमच्याच मेलवरून आलीय फाइल.’

‘साहेब, आम्ही एकच पाठवली. दुसरी आमची नाहीच.’

यात पंचवीस मिनिटं गेली. माणसाच्या स्वभावाला धरून होतं, पण घड्याळाच्या दृष्टीने चुकीचं. दोष कुणाचा हे दोन दिवसांनी ठरलं असतं तरी चाललं असतं. खात्यात उरलेली रक्कम तेवढी थांबत नाही.

८.०५ ला १९३० ला फोन सुरू केले, चौथ्यांदा लागला. तिथे विचारतात ते साधं असतं, पण हाताशी हवं: पैसे गेलेलं खातं, व्यवहाराची तारीख-वेळ, प्रत्येक रकमेचा वेगळा यूटीआर, समोरचा खातेक्रमांक आणि आयएफएससी. सात व्यवहार म्हणजे सात नोंदी. मॅडमनी त्या एका कागदावर लिहून ठेवल्या होत्या, म्हणून वीस मिनिटांत काम झालं आणि तक्रार क्रमांक मिळाला. ही नोंद झाली की समोरच्या बँकांना त्या व्यवस्थेतून कळवलं जातं आणि खात्यात जे शिल्लक असेल त्यावर होल्ड बसतो. पैसे पुढे दुसऱ्या खात्यात गेले असतील, तर माग तिथपर्यंत काढावा लागतो. रात्रीच सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर कागद जोडून पूर्ण तक्रार केली.

सव्वाआठ-साडेआठपर्यंत चार खात्यांचं काय झालं होतं ते नंतर कळलं. ७४,९५० आलेलं पहिलं खातं यूपीआयने पूर्ण रिकामं झालं होतं. ६८,४५० आलेल्या दुसऱ्यातून एटीएमने दहादहा हजार चार वेळा निघाले होते, उरले २८,४५०. तिसऱ्यात ६५,२०० पैकी ५५,२०० होते. चौथ्यातले ३४,४०० जागच्या जागी. म्हणजे १,१८,०५० थांबले, १,२४,९५० गेले. चारही खाती भाड्याची होती; एक खातं पंचविशीच्या आतल्या एका मुलाने महिना काही हजारांवर एटीएम कार्डासकट दुसऱ्याला दिलेलं निघालं.

तिसरा निर्णय: सात जणांचा पगार

दुसऱ्या दिवशी ७ तारीख. मॅडमचं म्हणणं, वसुली होईपर्यंत सात जणांना थोडी उचल द्यावी. त्यांच्या बाजूने एक मुद्दाही होता: १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यातली ७ तारखेची मुदत तेव्हा महिना २४,००० पर्यंतच्या वेतनालाच लागू होती आणि हे सातही जण त्याच्या वर होते. (२१ नोव्हेंबर २०२५ ला वेतन संहिता लागू झाली आणि ही मर्यादा संपली. आज तोच प्रसंग आला तर हा मुद्दा उरत नाही.)

पण मुदत कोणतीही असो, भलत्याच्या खात्यात टाकलेला पगार म्हणजे कामगाराला दिलेला पगार होत नाही. आणि उचल म्हणून नोंद केली तर ती पुढच्या महिन्यात कापली जाणार. म्हणजे चोरी कंपनीची आणि कपात कामगाराची. मालकांनी कॅश क्रेडिट (बँकेने दिलेल्या कर्जमर्यादेच्या) खात्यातून पूर्ण २,४३,००० पुन्हा द्यायचं ठरवलं. यावेळी सातही लाभार्थी एकेक जोडले, नाव पडद्यावर आल्यावर पासबुकाशी ताडलं, मगच रक्कम पाठवली. गुरुवारी सुट्टी असूनही हे दुपारी बाराच्या आत झालं. दोघांचं नाव पासबुकावर आडनाव आधी आणि बँकेच्या पडद्यावर शेवटी होतं. त्यांना फोन करून खात्री केली.

हिशोबात पहिले २,४३,००० पगारखर्चातून काढून ‘सायबर फसवणूक, येणे’ अशा वेगळ्या शीर्षाखाली नेले. पीएफच्या ईसीआर या मासिक विवरणपत्रात आणि टीडीएसमध्ये पगार एकदाच दिसला पाहिजे. घाईत दोन्ही नोंदी पगाराखाली राहिल्या, तर वर्षअखेरीला ताळमेळ लागत नाही.

चौथा निर्णय: बाकीच्या ३० जणांना सांगायचं का

हा प्रकरणातला सर्वांत कळीचा टप्पा. कन्सल्टंटची पहिली प्रतिक्रिया, ‘आधी नीट कळू दे, मग बघू.’ बारा-पंधरा वर्षांचं नाव, बोभाटा झाला की ग्राहक जाणार ही भीती. मालकांनी रात्रीच आग्रह धरला की निदान ज्यांचे पगार अजून व्हायचेत त्यांना तरी फोन करा. मेल नव्हे, फोन. कारण मेल भामटाही वाचतोय.

रात्री साडेनऊ ते अकरा फोन चालले. ११ कंपन्यांचे पगार बाकी होते. चाकणच्या एका कंपनीत सुधारित फाइल अपलोड होऊन मालकाच्या मंजुरीसाठी थांबली होती. त्यात पाच ओळी बदललेल्या, रक्कम १,६१,००० च्या वर. ती रद्द झाली. कन्सल्टंट गप्प बसला असता, तर सकाळी दहाला ती मंजूर झाली असती, आणि त्या नुकसानीत त्याला माहीत असूनही न सांगितल्याचा दोष थेट त्याच्या माथी आला असता. फोन केल्यामुळे किती ग्राहक गेले? एक.

साफसफाईत मात्र चूक झाली. रात्री पासवर्ड बदलला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण आधीच उघडलेली लॉगिनं तशीच होती आणि फॉरवर्डचा नियम ८ तारखेला कॉम्प्युटरवाल्याला सापडला. मधले दीड दिवस पोलीस तक्रारीच्या प्रतीसुद्धा भामट्याला जात होत्या. क्रम असा हवा होता: स्वच्छ मशिनवर बसून पासवर्ड बदलायचा, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायचं, फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघायचे, रिकव्हरीचा मोबाइल आणि मेल आपलाच आहे ना ते ताडायचं, मेलला जोडलेली परकी अॅप्स काढायची आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची. त्याआधी त्या नियमांचे स्क्रीनशॉट आणि लॉगिनच्या नोंदी जपून ठेवायच्या. इथे फिल्टर पुसून टाकल्यावर पोलिसांनी तेच मागितलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायची असते. छोट्या कन्सल्टंटांच्या हे गावीही नसतं. इथेही तिसऱ्या दिवशी कळवलं.

निकाल

सायबर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) आणि ३१९(२), तसंच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६क (ओळखचोरी) आणि ६६ड (तोतयेगिरी) या कलमांखाली. थांबवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, तपास अधिकाऱ्याचा अहवाल, हमीपत्र, आणि मग आदेश बँकेला. दुसऱ्या-तिसऱ्या खात्यांतले ८३,६५० साडेतीन महिन्यांनी आले. चौथ्यातले ३४,४०० अजून अडकलेत; त्याच खात्यावर दुसऱ्या राज्यातल्या एका तक्रारीचाही होल्ड आहे आणि त्या रकमेवर दोघांचा दावा आहे.

बँकेने हात वर केले: मेकर तुमचा, चेकर तुमचा, खातेक्रमांक तुम्ही दिला. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाला संरक्षण देणारं रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक मालकांनी पुढे केलं, पण ग्राहकाने स्वतः मंजूर केलेल्या व्यवहाराला ते लागू करून घेणं अवघड जातं, तसंच इथे झालं. विमा कुणाचाच नव्हता. करार नसल्यामुळे कन्सल्टंटची जबाबदारी किती, हे चहाच्या तीन बैठकांत ठरलं: बुडालेल्या १,२४,९५० मधले निम्मे, ६२,४७५, तीन हप्त्यांत. सगळ्यांकडेच अशी ओळख आणि असा चहा असेल असं नाही. आता दोन पानी करार आहे. त्यात फाइल कशी पाठवायची, बदल कसा कळवायचा आणि नुकसान कुणी सोसायचं हे लिहिलेलं आहे.

आता रीत काय आहे

मुख्य बदल एकच: रक्कम आणि खातेक्रमांक एका फाइलमध्ये एकत्र प्रवास करत नाहीत. कन्सल्टंट फक्त कोड आणि निव्वळ पगार पाठवतो. खात्यांची यादी कंपनीकडे, मॅडमच्या मशिनवर कुलूपबंद. तिच्यातून कोडवरून क्रमांक उचलले जातात. बँकेकडून ‘नोंदलेल्या लाभार्थ्यांनाच पेमेंट’ ही सेटिंगही करून घेतली. ती आधीपासून उपलब्ध होती, कुणी मागितली नव्हती.

खातं बदलायचं असेल तर कामगाराने स्वतः यायचं, पासबुकाचं पहिलं पान, सही किंवा अंगठा. मुदत २५ तारीख. कन्सल्टंटकडून किंवा व्हॉट्सअॅपवर आलेला बदल घेतला जात नाही. ‘सुधारित फाइल’ आली तर जुन्या, पाठ असलेल्या क्रमांकावर फोन. मेलखाली छापलेल्या नंबरवर नाही. पगार आता ४ तारखेला होतो, म्हणजे गडबड निघाली तर मुदतीआधी दोन दिवस मिळतात.

मालकांच्या डायरीत दोनऐवजी चार आकडे आले: माणसं, रक्कम, गेल्या महिन्यापेक्षा किती खाती बदलली, आणि सगळ्या खात्यांच्या शेवटच्या चार अंकांची बेरीज. शेवटचा आकडा जुन्या हिशोबनीसांच्या ‘हॅश टोटल’चाच प्रकार. त्या बेरजेला अर्थ काही नसतो, पण एक क्रमांक बदलला तरी ती हलते. सप्टेंबरला ती २,३१,८७४ होती. ऑक्टोबरला एकही बदल नोंदलेला नसताना २,३१,८७१ आली आणि मंजुरी थांबली. शोधल्यावर एका सेटरच्या १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा ३ शून्य झालेला सापडला. मॅडमनी यादी नव्या एक्सेलमध्ये उतरवताना रकाना टेक्स्ट करायचा राहिला होता.